देशाच्या प्लास्टिक कचऱ्याच्या हिशेबात आपल्या गावचा कचरा कोठे धरला जातो?

विचारणा : गुहागरचा निवृत्त शिक्षक

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात राहतो. तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालो असून सध्या ग्रामपंचायतीच्या पाणी व स्वच्छता समितीचे काम पाहतो. समितीच्या मागच्या बैठकीत एका सदस्याने विचारले की देशात वर्षाला प्लास्टिकचा कचरा किती होतो आणि त्यात आपल्या गावचा वाटा किती. उत्तर शोधायला बसलो आणि जितके वाचत गेलो तितका गोंधळ वाढत गेला, म्हणून येथे विचारतो आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वार्षिक अहवालांनुसार देशात २०१९-२० मध्ये सुमारे ३४.७ लाख टन आणि २०२०-२१ मध्ये सुमारे ४१.३ लाख टन प्लास्टिक कचरा निर्माण झाला. दुसरीकडे, सप्टेंबर २०२४ मध्ये इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार भारतातून वर्षाला सुमारे ९३ लाख टन प्लास्टिक उघड्यावर जळते किंवा जमिनीवर व पाण्यात जाते. जगाचा असा एकूण आकडा सुमारे ५.२ कोटी टन असून त्यात भारताचा क्रमांक पहिला आहे. एकूण कचराच ४१ लाख टन असेल तर त्यातून ९३ लाख टन प्रदूषण होईल कसे?

सरकारी आकडा लोकसंख्येने भागला तर वर्षाला माणशी सुमारे तीन किलो येतात. हे पडताळून पाहावे म्हणून आम्ही गेल्या महिन्यात घरातले सगळे प्लास्टिक एका गोणीत साठवले आणि महिनाअखेरीस शेजाऱ्यांच्या मासळीच्या काट्यावर टांगले. दुधाच्या व तेलाच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे, नातवाच्या वेफर्सची पाकिटे, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, शाम्पूच्या पुड्या, काजूची कलमे लावल्यावर उरलेल्या काळ्या पिशव्या असे सारे मिळून पावणेदोन किलो भरले. आम्ही घरात चार माणसे आहोत, म्हणजे वर्षाला माणशी सव्वापाच किलो झाले. वाण्याकडे कापडी पिशवी घेऊन जाणारे आमचे घर आहे. शहरात राहणाऱ्या, रोज बाहेरून जेवण मागवणाऱ्या कुटुंबाचे किती होत असेल? मग तीन किलो ही सरासरी नेमकी कोणाची?

दुसरा प्रश्न त्या गोणीचे पुढे काय होते याचा आहे. आमच्याकडे घंटागाडी नाही. आठवड्यातून एकदा ट्रॅक्टर येतो आणि वस्तीपासून दीड किलोमीटरवर सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर) कचरा ओततो. मृगाचा पहिला पाऊस झाला की त्यातला निम्मा कचरा पऱ्याने (पावसाळी ओढ्याने) खाली येतो, मोरीत अडकतो, मोरी फुगली की खाडीत जातो आणि श्रावणात भरतीबरोबर पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) परत येतो. पाकिटे विकणाऱ्या कंपन्यांवर ती परत गोळा करण्याची कायदेशीर जबाबदारी आहे असे वाचले. ती जबाबदारी आमच्या सड्यापर्यंत का येत नाही, हा तिसरा प्रश्न. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

प्रतिसाद १ : रत्नागिरी, पर्यावरण अभियंता

सर, आपल्याला पडलेला पेच खरा आहे आणि त्याचे मूळ हे दोन आकडे कसे तयार होतात यात आहे.

सरकारी आकडा खालून वर चढत जातो. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी पहिल्यांदा ग्रामपंचायतींनाही जबाबदार धरले, त्याआधीचे नियम मुख्यतः शहरांपुरते होते. या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेने दरवर्षी ३० जूनपर्यंत आपला अहवाल द्यायचा, राज्य मंडळाने तो ३१ जुलैपर्यंत केंद्रीय मंडळाकडे पाठवायचा आणि केंद्रीय मंडळाने सर्व राज्यांचा एकत्रित अहवाल ३१ ऑगस्टच्या आत केंद्र सरकारला सादर करायचा. रचना चांगली आहे. अडचण अशी की ज्या संस्थेकडे वजनकाटाच नाही ती गाड्यांच्या खेपा मोजते, खेपेला अमुक टन धरते, त्यात अमुक टक्के प्लास्टिक धरते आणि रकाना भरते. जी संस्था अहवालच देत नाही तिचा कचरा देशाच्या दृष्टीने झालेलाच नसतो. आपल्या परसात जळलेले, पऱ्याने वाहून गेलेले आणि भंगारवाल्याने दारातूनच उचललेले प्लास्टिक गाडीत चढत नाही, त्यामुळे ते बेरजेतही चढत नाही. म्हणजे ४१ लाख टन हा मुख्यतः गोळा झालेल्या आणि कळवलेल्या कचऱ्याचा आकडा आहे.

लीड्सच्या अभ्यासाने उलट दिशेने मांडणी केली. जगातील पन्नास हजारांहून अधिक पालिका क्षेत्रांसाठी संगणकीय प्रतिकृती तयार करून, किती लोकांचा कचरा उचलला जात नाही आणि न उचललेल्याचे काय होते, याचे अनुमान त्यांनी काढले. भारताच्या सरकारी आकडेवारीत माणशी रोजचा एकूण कचरा ०.१२ किलो दिसतो, तो फार कमी असून प्रत्यक्षात ०.५४ किलोच्या आसपास असावा, असे त्यांचे म्हणणे आहे. आपण विचारलेला ४१ लाख आणि ९३ लाख टनांमधला फरक बहुतांशी येथून येतो. त्या ९३ लाखांपैकी सुमारे ५८ लाख टन उघड्यावर जाळले जाते आणि सुमारे ३५ लाख टन तसेच पसरते. हेही तोलून काढलेले वजन नाही, अनुमानच आहे, आणि त्यावर आक्षेप घेणारे अभ्यासक आहेत. तरीही माझे मत विचाराल तर सरकारी आकडा निश्चितपणे कमी आहे, आणि जाळण्याचा वाटा सर्वांत मोठा आहे हे त्यांचे निरीक्षण कोकणातल्या कोणत्याही वाडीत संध्याकाळी फिरले तरी पटते.

आता आपल्या गोणीबद्दल. तिच्यातली यादी मी पुन्हा पुन्हा वाचली, कारण ती फार बोलकी आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोल वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठराविक वस्तूंवर, म्हणजे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, कानकाडीच्या प्लास्टिक दांड्या, सजावटीचे थर्माकोल यांच्यावर देशभर बंदी घातली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ हातपिशव्यांवरही. या बंदीची गरज होतीच. पण आपल्या गोणीतले जवळजवळ काहीही या केंद्रीय यादीत नाही. ते बहुतेक कारखान्यातून वस्तूसोबत येणारे वेष्टन आहे. आपण कापडी पिशवी नेली तरी बिस्किटे पुड्यातच मिळणार. (एक अपवाद सांगून ठेवते. गुटखा, तंबाखू व पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत भरायला २०१६ च्या नियमांनी स्पष्ट मनाई आहे आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. आपल्या पुळणीवर त्या पुड्या किती मिळतात हे आपण जाणताच.)

म्हणून तिसरा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. १६ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उत्पादक, आयातदार व नाममुद्राधारक (स्वतःच्या ब्रँडने माल विकणाऱ्या) कंपन्यांवर विस्तारित जबाबदारी टाकली. वेष्टनांचे चार वर्ग केले. पहिला कडक प्लास्टिकचा, दुसरा लवचीक प्लास्टिकचा, तिसरा प्लास्टिकखेरीज दुसऱ्या पदार्थाचा किमान एक थर असलेल्या बहुस्तरीय वेष्टनाचा आणि चौथा विघटनक्षम प्लास्टिकचा. जितके वेष्टन बाजारात आणले तितक्याचा निपटारा करायचा, आणि त्यापैकी किमान काही हिस्सा पुनर्चक्रणातूनच झाला पाहिजे. २०२४-२५ साठी हा हिस्सा पहिल्या वर्गाला ५० टक्के, दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाला ३० टक्के ठरला आणि २०२७-२८ पर्यंत तो अनुक्रमे ८० व ६० टक्क्यांवर न्यायचा आहे. कंपनी स्वतः कचरा गोळा करत फिरत नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखाना जितका माल वापरतो तितकी प्रमाणपत्रे त्याला मिळतात आणि कंपनी ती विकत घेते. ते प्लास्टिक कोणत्या गावातून आले पाहिजे असे बंधन नाही, त्यामुळे जेथे माल स्वस्तात व ढिगाने मिळतो त्या औद्योगिक शहरांतच उद्दिष्ट पूर्ण होते. गुहागरच्या सड्यावर पडलेल्या पुड्याची भरपाई कागदोपत्री दुसऱ्याच राज्यातील कारखान्यात झालेली असू शकते. त्यात २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्याच तपासणीत गुजरात, महाराष्ट्र व कर्नाटकातील काही कारखान्यांनी सुमारे ६ लाख खोटी प्रमाणपत्रे तयार केल्याचे आढळले. मला या योजनेबद्दल आशा आहे, कारण खर्च कोणी करायचा हे कायद्याने ठरवले आहे. पण जोवर प्रमाणपत्र हे कचरा गोळा करण्याच्या ठिकाणाशी बांधले जात नाही तोवर लांबच्या गावांना त्यातून रुपयाही मिळणार नाही.

आपल्याला लगेच उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. आपल्या तालुक्याचे केंद्र कोठे आहे, चालू आहे का आणि ते आपल्या गावाचा माल घेईल का, हे पंचायत समितीला लेखी विचारावे.

प्रतिसाद २ : मालवण, रापणकर

अभियंता ताईंनी जमिनीवरचा हिशेब सांगितला. मी पाण्यातला सांगतो.

आमची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, आजोबांच्या काळापासूनची आहे. दोन्ही दोर ओढत जाळे पुळणीवर आले की मधल्या पोटात मासळी असते. तारली, पेडवे, नशिबात असेल तर बांगडा. आता पावसाळा सरल्यानंतरच्या पहिल्या ओढींना मासळी बाजूला करण्याआधी प्लास्टिक बाजूला करावे लागते. पुडे जाळ्याच्या आसांत (भोकांत) असे घट्ट बसतात की एकेक बोटाने सोडवावा लागतो, आणि त्यात जो वेळ जातो तेवढ्यात मासळी उन्हाने मऊ पडून भाव उतरतो. चांगले अर्धे ओढेकरी या कामाला लागतात.

लोक पुळणीवर दिसते तेवढाच कचरा धरतात, ते खरे नाही. झाकण लावलेली पाण्याची बाटली आतल्या हवेमुळे तरंगते आणि किनाऱ्याला लागते. झाकण नसलेली पाण्याने भरून तळाला जाते, कारण तिचे प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असते. नायलॉनचे जाळेही बुडते. पिशव्या, झाकणे, दोर आणि थर्माकोलच्या पेट्यांचे तुकडे पाण्यापेक्षा हलके, म्हणून तेच वर येतात. डोल जाळी लावणाऱ्यांना तळाकडचे जे मिळते ते पुळणीवर कधी दिसत नाही. मग लीड्सवाल्यांनी किंवा आपल्या मंडळाने तळाशी किती आहे ते कसे धरावे?

यात आमचीही चूक आहे आणि ती लपवू नये. फाटलेले जाळे दुरुस्त होण्यासारखे नसले की काही जण तोडून समुद्रातच सोडतात. ते तेथे वर्षानुवर्षे मासे आणि कासवे अडकवत राहते. वेळास, आंजर्ले येथे विणीला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांची आपण एवढी काळजी घेतो, आणि तीच कासवे आमच्या टाकलेल्या जाळ्यात गुदमरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. केरळमध्ये कोल्लमजवळच्या नीण्डकरा बंदरावर २०१७ मध्ये 'शुचित्व सागरम' हा उपक्रम सुरू झाला. ट्रॉलरवाले जाळ्यात आलेले प्लास्टिक परत समुद्रात न टाकता बंदरावर आणतात, तेथे ते धुऊन, वाळवून, बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरले जाते. आमच्या बंदरावर आम्ही पोते भरून आणले तर ते घेणारा कोणी नाही. चार दिवस जेटीवर पडून राहते आणि वाऱ्याने परत पाण्यात जाते.

प्रतिसाद ३ : चिपळूण, भंगार व्यावसायिक

मी बावीस वर्षे भंगाराचा व्यवसाय करतो. शिक्षक सरांच्या गोणीची माझ्या गोदामात काय किंमत होईल ते प्रामाणिकपणे सांगतो.

दुधाच्या व तेलाच्या पिशव्या धुऊन कोरड्या केलेल्या असतील तर मी आनंदाने घेईन. त्या वितळवून नव्या प्लास्टिकसाठी दाणा होतो आणि दाण्याला गिऱ्हाईक आहे. कलमांच्या काळ्या पिशव्या माती झटकून द्याव्यात, कमी भाव मिळेल पण माल जाईल. पाण्याच्या बाटल्या, शाम्पूचे डबे, बादल्या, तुटक्या खुर्च्या यांना तर दारातच मागणी असते, म्हणून त्या आपल्या सड्यावर फारशा दिसणार नाहीत. बिस्किटांचे पुडे, वेफर्सची पाकिटे, शाम्पूच्या पुड्या आणि गोळ्यांच्या पट्ट्या मात्र कोणी फुकटही घेत नाही. त्यात एकमेकांना चिकटलेले वेगवेगळे थर असतात, ते सुटे करण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. ज्याला भाव आहे ते कचरावेचक उचलतात, ज्याला नाही ते पऱ्याला मिळते. या धंद्याचे सगळे गणित एवढेच आहे.

पुळणीवरून गोळा केलेल्या मालाबद्दलही सांगतो, कारण स्वच्छता मोहीम झाली की मुले उत्साहाने पोती घेऊन येतात आणि मला नाही म्हणताना जड जाते. खारे पाणी आणि ऊन खाल्लेले प्लास्टिक हातात धरले तरी तुकडे होतात. त्यात वाळू असते, ती यंत्राची पाती खाते. दाण्याचे कारखानदार असा माल परत पाठवतात. प्लास्टिक समुद्रात पोहोचण्याआधी उचलले तरच त्याला भाव आहे.

मोठी अडचण वाहतुकीची आहे. न दाबलेल्या पिशव्यांनी टेम्पो काठोकाठ भरला तरी त्याचे वजन इतके थोडे भरते की डिझेलही सुटत नाही. तेच गठ्ठे दाबून बांधले तर एका खेपेत कितीतरी पट माल जातो. न विकणारी पाकिटे सिमेंटच्या भट्टीत जाळता येतात, तेथे उष्णता फार मोठी असल्याने ती पूर्ण जळतात आणि तेवढा कोळसा वाचतो. पण अशा भट्ट्या चंद्रपूरकडे किंवा कर्नाटकात. शेजारचा गोवा आपला असा कचरा कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांना पाठवतो, कारण तेथील सरकारी महामंडळ वाहतुकीचा खर्च उचलते. आमच्यासारख्याने स्वतःच्या खिशातून घाट चढवायचा म्हटले तर ते अशक्य आहे.

२२ जुलै २०२१ च्या पुरात माझे गोदाम पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर वाशिष्ठीच्या काठची झाडे पाहिली, तेव्हा माथ्याच्या फांद्यांपर्यंत पिशव्या लोंबत होत्या. त्यात माझ्या गोदामातलाही माल होता. तेव्हापासून मी गठ्ठे वरच्या मजल्यावर ठेवतो.

प्रतिसाद ४ : दापोली, शेतकरी महिला

जाळण्याबद्दल एक गोष्ट राहिली. आपल्याकडे भातरोपासाठी भाजावळ करतात. शेण, कवळ (तोडलेल्या झाडांच्या फांद्या), पालापाचोळा पसरून भाजतात आणि त्याच राखेत बी पेरतात. पूर्वी पातेऱ्यात फक्त पातेराच असायचा. आता अंगण झाडून काढलेल्या केरात पुडे, पिशव्या, वायरींची वेष्टने असतात आणि तेही भाजावळीत जाते. केबलच्या आणि पीव्हीसीच्या तुकड्यांतून डायॉक्सिनसारखे विषारी पदार्थ तयार होतात आणि राख आपल्याच तरव्यात (भाताच्या रोपवाटिकेत) राहते. मी आमच्या बचत गटात सांगून केर वेगळा करायला लावला, तर पहिल्या वर्षी चार घरांनीच ऐकले, यंदा अकरा घरे करतात.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली असून साधा कचरा जाळल्यास ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे. पण ज्या गावात कचरा उचलायला कोणी येत नाही तेथे बाईने तो जाळू नये तर करावे काय, याचे उत्तर आधी द्यायला हवे.

प्रतिसाद ५ : वेंगुर्ले

आमच्या नगरपरिषदेचा अनुभव थोडक्यात सांगतो. येथे कचरा घरातच वेगळा करून द्यावा लागतो, मिसळलेला असेल तर घेत नाहीत. पुढे कचरा डेपोवर त्याचे आणखी बारीक वर्गीकरण होते. ज्याला भाव नाही ते प्लास्टिक यंत्राने बारीक करून रस्त्यात वापरले गेले आहे. ही पद्धत मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची. सुमारे १६० ते १७० अंश तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा चुरा टाकला की तो वितळून खडीला लेप बसतो आणि मग डांबर घट्ट धरते. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. फक्त त्यात पीव्हीसी येता कामा नये. नगरपरिषद लहान, माणसे कमी, तरी हे जमले, कारण पहिले वर्ष मिसळलेला कचरा न घेण्यावर ते ठाम राहिले.

विचारणाकर्त्याचे उत्तर : गुहागरचा निवृत्त शिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. पंचायत समितीला पत्र आजच लिहिले. समितीने काल ठरवले की चारही वाड्यांत महिन्यातून एकदा प्लास्टिक तीन गोण्यांत घ्यायचे. धुतलेल्या पिशव्या एकीत, कडक प्लास्टिक दुसरीत आणि पुडे-पाकिटे तिसरीत. प्रत्येक गोणी त्याच मासळीच्या काट्यावर तोलून वहीत लिहायची, म्हणजे ३० जूनचा अहवाल भरताना अंदाज करावा लागणार नाही. सड्यावर ओतणे थांबेपर्यंत तिसऱ्या गोण्या शाळेच्या जुन्या खोलीत राहतील. चिपळूणच्या दादांना एक विचारतो, पावसाचे चार महिने या गोण्या तशाच ठेवल्या तर माल खराब होईल का, आणि दोन-तीन गावांचा माल एकत्र केला तर आपली गाडी येईल का?

प्रतिसाद ६ : चिपळूण, भंगार व्यावसायिक

सर, धुतलेल्या पिशव्या पूर्ण वाळल्याशिवाय गोणीत भरू नका, ओल राहिली तर बुरशी धरते आणि वास येतो. गोण्या जमिनीला टेकवू नका, खाली फळ्या टाका, आणि उंदरांसाठी तेलाच्या पिशव्या साबणाने धुवायला सांगा. पाकिटांच्या गोण्यांना काही होत नाही, त्या कितीही दिवस राहतात. पहिल्या दोन गोण्यांचा तीन गावांचा मिळून अर्धा टेम्पो झाला तर गणपती झाल्यावर मी गाडी पाठवतो, त्याच खेपेत तिसऱ्या गोण्या तालुक्याच्या केंद्रावर टाकता येतील. मात्र ते केंद्र त्या घेईल असे पत्र आधी हातात असू द्या.